यांचा एकुलता एक शब्द

२४ मार्च २०२५, सोमवार

आजपासून लिहिते आहे. शाळेत असताना टाचण काढल्याशिवाय कधी वर्गात गेले नाही. घरातल्या वर्गालाही टाचण हवं. विद्यार्थी एकच आहे आणि तो माझा नवरा आहे.

संक्रांतीनंतर यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय थोडा परतला, काठी धरून चालतात. वाचा परतली नाही. म्हणजे एक शब्द राहिला: चार्ज. नांदेडच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तोंडातून बाहेर पडला तो हाच, आणि त्यानंतर दुसरा नाही. पाणी हवं, चार्ज. पोट दुखतं, चार्ज. पुण्याहून त्रिवेणी धावत आली, पोरीला बघून यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हाही चार्ज.

हे आयुष्यभर येलदरीच्या वीजघरात ऑपरेटर होते. तिथे हा शब्द दिवसातून कितीदा तरी लागत असणार. मी पालमला मुलींच्या शाळेत, हे येलदरीच्या कॉलनीत, सुट्टीला घरी यायचे. आल्यावर बोलायचं काम बहुतेक माझ्याकडेच असायचं.

आज परभणीला स्पीच थेरपीसाठी नेलं. एसटीनंच. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं काका?" हे म्हणाले, "चार्ज." तो म्हणाला, "चार्ज अर्धाच हाय तुमाला. मॅडमलाबी अर्धा. दोघं मिळून एकच माणूस झालात की!" गाडीतली माणसं हसली. हेही हसले, अर्ध्या तोंडानं. मी हसले नाही.

थेरपीवाली प्रियांका म्हणून आहे, पंचविशीची पोरगी. म्हणाली, "मॅडम, येईल तो शब्द येऊ द्या. चुकलं म्हणू नका. हळूहळू दुसरे येतील." मी मान डोलावली. चुकीचं उत्तर वेळीच खोडलं नाही तर ते पक्कं होतं, हे मी तिच्या जन्माआधीपासून पाहत आले आहे. पहिले सहा महिने महत्त्वाचे, एवढं मात्र तिचं पटलं. त्यातले दोन गेलेच.

२६ मार्च

कपाटातून बी.ए.ला घेतलेली जाड डिक्शनरी काढली. पानं पिवळी पडली आहेत पण शाबूत आहे. या एका शब्दाला दीड रकाना दिलाय. आकारलेला दर. जबाबदारी. आरोप. घोडेस्वारांनी केलेला हल्ला. विजेचा भार. बंदुकीत ठासायची दारू. कुणाच्या हवाली केलेलं माणूस, त्यालाही चार्जच म्हणायचं. हा अर्थ मला परीक्षेत आला होता, आता आठवलं.

आपल्या लोकांनी तर त्याचं पार लोणचं घातलंय. शाळेचा चार्ज द्यायचा असतो, मोबाईल चार्ज करायचा असतो, डॉक्टर चार्ज लावतात, पोलीस लाठीचार्ज करतात आणि वर चार्जशीट टाकतात. समोरचा किराणावाला योगीराज चहा प्याला की छाती ठोकून सांगतो, "आता चार्ज झालो बघा मॅडम!"

इतके अर्थ असलेला शब्द आजारी माणसाच्या काय कामाचा? वर्गात एखादी पोर प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत असेल तर आपण काय म्हणतो? तिला येत नाही, असंच ना?

म्हणजे आधी हा शब्द घालवायचा. जागा रिकामी झाली की दुसरे येतील.

३० मार्च, पाडवा

मुहूर्ताने वर्ग सुरू केला. ओसरीत फळा टांगला. सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा झाली की वर्ग, संध्याकाळी पुन्हा. पहिला शब्द 'पाणी'. ओठ मिटायचे, उघडायचे, सोपा आहे.

नियमही केला. 'पाणी' म्हटल्याशिवाय, निदान 'पा' म्हटल्याशिवाय पेला मिळणार नाही. चार्ज म्हटलं तर कुणीही ओ द्यायची नाही.

शांतम्मा आक्का, म्हणजे यांची थोरली बहीण, नांदेडच्या दवाखान्यापासून आमच्याकडेच आहेत. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, त्यो मागायलाय की. देऊन टाक. सांबाला काय पैलीत घालायचंय का आता?"

"आक्का, लाड केले तर जन्मभर असेच राहतील."

"ऱ्हाऊ दे की. हाय तर खरा."

आक्कांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

४ एप्रिल

आज ओठ मिटले! 'प' चा आकार झाला. आवाज मात्र नाही आला. कपाळावर घाम आला होता. मी टाळ्या वाजवल्या. मग हे म्हणाले, "चार्ज," पेल्याकडे बघत, हळू. मी मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा ओठ मिटवले आणि फुटलं ते रडू. पेला दिला मग. द्यायला नको होता, पण दिला.

९ एप्रिल

दुपारी मी पडले होते. ओसरीतून हसण्याचे आवाज आले म्हणून उठले. योगीराज दुकान पोराच्या हवाली करून यांच्याशी बोलत बसला होता. मी दाराआडून ऐकलं.

"काका, रात्रीची मॅच बगितली का? कसलं धुतलं!"

"चार्ज!" डावा हात बॅटसारखा.

"आन मग तुमचा त्यो गडी? पहिल्याच बॉलला घरी."

"चाऽर्ज," नाक मुरडून.

"जाऊ द्या हो, वय झालं त्याचं. काकू कुठंयत? झोपल्या?"

यांनी दाराकडे पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "चार्ज." योगीराज मांडीवर थापा मारून हसला. तेवढ्यात गेलेली लाईट आली, पंखा फिरायला लागला, आणि दोघे एकदम ओरडले, "चार्ज!"

मी बाहेर गेले तसे गप्प. योगीराज उठला. "येतो काका. मॅडम, काका एकदम फॉर्मात हायेत." मी त्याला सांगितलं, इथे येऊन हा शब्द वापरू नकोस, उपचार चालू आहेत. तो बरं म्हणाला. नंतर आला नाही, समोरून नुसता हात करतो.

अर्धा तास तरी चाललं होतं ते. माझ्यासमोर एवढे कधी बोलले नाहीत. आजारी पडल्यावर म्हणते मी.

१७ एप्रिल

ऊन भयंकर. कूलरमध्ये पाणी टिकत नाही.

सकाळपासून 'पा' नाही. मी पेला धरून बसले, हे माझ्याकडे बघत बसले. ओठ कोरडे पडलेले दिसत होते. शेवटी यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी स्वयंपाकघरात गेले. मागून आक्कांनी गटागटा पाणी पाजलं, मला आवाज आला. गेले नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं की कुणीतरी पाजलं. पण आक्कांना ते सांगता येत नाही, कारण मग नियमाला काय राहिलं?

आता माझ्या हातचं पाणी मागतच नाहीत. आक्का आल्या की नुसते डोळे वर करतात.

३० एप्रिल, बसव जयंती

लिहू नये असं झालं, म्हणून लिहितेच.

रोजची लिंगपूजा आक्काच करवतात. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचं असतं, तो हात यांचा चांगला आहे. उजवा उचलत नाही म्हणून यांच्या उजव्या हाताचं काम आक्का करतात. विभूती लावतात, फूल ठेवतात. पंचाक्षरी मंत्र आक्का म्हणतात, हे ऐकतात, असं मी धरून चालले होते.

आज सण म्हणून मीही बसले. आक्का म्हणाल्या, "नमः शिवाय." हे लिंगाकडे बघत म्हणाले, "चार्ज चार्ज." पुन्हा नमः शिवाय. पुन्हा चार्ज चार्ज. सुरात. डोळे मिटून. रोज असंच चालत असणार, दोघांचं ठरलेलं दिसलं.

मला राहवलं नाही. "आक्का, देवासमोर तरी हे थांबवा. विजेच्या खांबाची भाषा ही."

"महादेवाला कळतंय."

"महादेवाला कळून उपयोग नाही, लोकांना कळायला हवं."

"लोकांलाबी कळतंय. योगीराजला कळतंय, दूधवाल्याला कळतंय. तुलाच कळंना झालंय. इतकी शिकलीस, आन नवऱ्याचं एक बोलणं कळंना?"

मग माझं तोंड सुटलं. तुम्ही त्यांना बिघडवताय, तुमच्यामुळे ते प्रयत्न करत नाहीत, ते बोलायला लागेपर्यंत तुम्ही गावाकडे राहिलेलं बरं. आक्कांनी यांच्या तळहातावरचं लिंग उचललं, पुसलं, वस्त्रात गुंडाळून यांच्या गळ्यात घातलं. पिशवी भरली. दुपारच्या गाडीनं गेल्या.

पुरणपोळी तशीच राहिली. हे फाटकाकडे बघत "चार्ज, चार्ज" म्हणत होते. संध्याकाळपर्यंत. मी ओ दिली नाही.

२ मे

आज एकदाही म्हणाले नाहीत! सकाळपासून रात्रीपर्यंत एकदाही नाही. जुनी सवय मोडली म्हणायची. आता खरा अभ्यास सुरू करता येईल. पूजा मी करवली. मंत्र मी म्हटला, हे गप्प होते. शांत वाटलं.

६ मे

आजही नाही. 'प' चा आकारही नाही. चित्रं दाखवली, गाय, घर, नात. बघत नाहीत. वरणभात चार घास, मग तोंड मिटतात.

शाळेत वर्ग गप्प बसला की मला अभिमान वाटायचा. इथे नुसता कूलरचा आवाज ऐकू येतो.

९ मे

त्रिवेणीचा फोन आला होता. दर शुक्रवारी फोन यांच्या कानाला लावते, गेला शुक्रवार तेवढा राहिला. नात तिकडून सांगायची, आजोबा, शाळेत गेले, डबा खाल्ला, आणि हे प्रत्येक वाक्याला वेगवेगळ्या आवाजात चार्ज म्हणायचे, ती खिदळायची. मी त्रिवेणीला सांगितलं होतं की पोरीला असं करू देऊ नकोस, पण तिने ऐकलं नाही.

आज नात बोलत राहिली. हे फोनकडे बघत राहिले. तिनं विचारलं, "आजोबा रागावले का?" मग त्रिवेणीने फोन घेतला.

"आई, बाबा का बोलत नाहीत?"

"ती सवय मी मोडली."

मग म्हणाली, "आई, ती सवय नव्हती गं. तेवढेच बाबा उरले होते." आणि फोन ठेवला.

उगीच नाटकी बोलायची सवय आहे तिला, लहानपणापासून. पण भाकरी करताना दोन करपल्या.

१३ मे

पाणी जवळजवळ बंद. ओठांना चमचा लावला की दात मिटतात. गिळता येत नाही असं नाही, आठवड्यापूर्वी गिळत होते. इथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, अजून दोनतीन दिवस बघू, नाहीतर नांदेडला नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. या उन्हात हे शरीर फार काळ तग धरणार नाही.

प्रियांकाला फोन केला. तिला सगळं सांगितलं, नियमासकट. वाटलं, रागावेल. रागावली नाही. म्हणाली, "मॅडम, सोडून दिलंय त्यांनी. फळा काढा. तो शब्द परत आला तर कुठल्याही अर्थानं येऊ द्या. तुम्ही त्यांच्याशी त्याच शब्दात बोला हवं तर."

फळा काढला. भिंतीवर त्याचा चौकोन पांढरा राहिलाय.

१४ मे

उन्हातच एसटीनं आक्कांच्या गावी गेले. यांच्याजवळ योगीराजला बसवलं. त्याने मी न सांगताच दुकानाचं शटर ओढलं.

आक्का अंगणात शेवया वाळवत होत्या. मी काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं, त्यातलं काही बोलता आलं नाही. म्हणाले, "आक्का, ते काहीच बोलत नाहीत हो." त्यांनी हात झटकले. "थांब, लुगडं बदलते." गाडीत खिडकीची जागा मला दिली. एवढंच म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

वाटलं होतं, आक्का दिसल्या की होईल. आक्का पायाशी बसल्या, तळवे चोळले. "सांबा, आलेय रे मी. म्हण की, चार्ज. म्हण." यांनी त्यांच्याकडे बघितलं, ओळख होती डोळ्यांत. तोंड उघडलं नाही. आक्का पदर तोंडात कोंबून बाहेर गेल्या. योगीराज कोपऱ्यात उभा होता, तोही गेला.

म्हणजे आक्कांनी पण होत नाही. आता माझ्याकडे दुसरा कुणी नाही.

१५ मे

सकाळी खुर्ची ओढून जवळ बसले आणि मी तो शब्द म्हणायला सुरुवात केली. लाज वाटत होती, पण म्हटला.

मोबाईल दाखवला. "चार्ज संपलाय हो, लावू का?" मग, "डॉक्टरांनी काल किती चार्ज घेतला ठाऊक आहे?" मग, "माझ्यावर चार्जशीट टाका. टाकाच. मी कबूल आहे." लाईट आली तेव्हा ओरडलेही, "चार्ज!" आक्का दचकून बाहेर आल्या. मी वेडी झालेय असं वाटलं असेल.

हे छताकडे बघत होते.

"येलदरीला आता चार्ज कुणाकडे असेल हो?"

या प्रश्नाला डोळे वळले माझ्याकडे. मी वाट पाहिली. पुढचं काहीतरी विचारायला हवं होतं. पण वीजघराबद्दल माणूस काय विचारतो ते मला माहीत नाही. किती मशीन होती तेही माहीत नाही. थोड्या वेळानं डोळे परत छताला गेले.

मग दिवसभर मी नुसती तो शब्द म्हणत राहिले. रागानं म्हटला, हळू म्हटला, विनवून म्हटला. हे कसे म्हणायचे ते आठवून तसा म्हणायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडात तो एकाच तऱ्हेने येतो.

१७ मे

नांदेडची गाडी परवासाठी सांगितली. योगीराज बरोबर येतो म्हणाला. कपड्यांची पिशवी भरली.

मला नळीची भीती वाटत नाही. नळी काढल्यावरही हे गप्पच राहिले तर, त्याची वाटते. या घरात माझाच आवाज राहील. मला माझ्या आवाजाचा कंटाळा आलाय, हे आधी कधी झालं नव्हतं.

१९ मे

गाडी दहाला यायची होती. सकाळी लाईट नव्हती. मी पेला आणि चमचा घेऊन यांच्याकडे गेले. काही म्हणायला सांगितलं नाही, शब्दही काढला नाही. चमचा ओठांजवळ नेला. तोंड फिरवलं. पुन्हा नेला. पुन्हा फिरवलं. मग मी ओरडले, "अहो, मरायचंय का तुम्हाला? मग मी काय करू? कुणाशी बोलू मी?"

आक्का दारात आल्या.

तेव्हा हे बोलले. घशात काहीतरी घासल्यासारखं झालं, जबडा वाकडा हलला, आणि स्पष्ट आलं: "नको."

पाडव्यापासून ज्याच्यासाठी झटत होते ते हेच. मराठी शब्द, अर्थ एकच, जागच्या जागी. आणि तो मला ऐकवला.

"बरं," म्हणाले मी. चमचा पेल्यात टाकला. उठणार होते. यांचा डावा हात माझ्याकडे आला. मला वाटलं, ढकलतात. तो पेल्यावर येऊन थांबला. मी पेला सोडला नाही, सांडेल म्हणून.

"नको," पुन्हा. आणि पेला ओढला.

दारातून आक्का म्हणाल्या, "अगं सोड की बाई."

सोडला.

चमचा खाली पडला. पेला हलत हलत तोंडापर्यंत गेला. अर्धं पाणी गंजीफ्राकवर सांडलं. मी पदर पुढे केला आणि मागे घेतला. राहिलेलं प्यायले. ठसका लागला, थांबले, पुन्हा प्यायले. आक्का दाराला धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. योगीराज त्याला थांब म्हणून ओरडत होता.

यांनी रिकामा पेला माझ्यापुढे धरला. जुना शब्द आला नाही. नवाही आला नाही. नुसता हात पुढे होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

मी तांब्या उचलला आणि ओतलं.